सतरा नंबरची संमती

सतरा नंबरचा कागद सापडत नाही, असा फोन आला तेव्हा मी तिचा चष्मा धूत होतो. ती गेली त्याला पाच महिने झाले. चष्मा धुण्याचं काम लग्नापासून माझ्याकडे होतं, कारण ती हाताला लागेल त्या कापडाने काचा पुसायची आणि ओरखडे पाडून ठेवायची. आता त्या काचांतून बघणारं कोणी नाही, पण सकाळी हात आपोआप तिकडे जातो आणि मीही त्याला अडवत नाही. फोन तिच्या विद्यार्थिनीचा होता. विद्यार्थिनी म्हणायचं आपलं, बाई चाळिशीला आलीय, दोन पोरांची आई आहे, स्वतः विद्यापीठात शिकवते. पण आमच्या घरात तिचं नाव तळटीप. तिच्या पहिल्या निबंधात तीन ओळी मजकूर आणि खाली पानभर तळटिपा असायच्या, म्हणून माझ्या बायकोने ठेवलेलं नाव. तिलाही ते माहीत होतं आणि आवडायचंही. "काका, बाकीचे सगळे कागद मिळाले," ती म्हणाली. "एक ते बेचाळीस. फक्त सतरा नाही. मॅडमनी घरी कुठे ठेवलाय का?" मी विचारलं, कसला कागद. तिने समजावून सांगितलं, जसं म्हाताऱ्या माणसाला सांगतात तसं, सावकाश. मॅडम ज्यांच्याशी बोलल्या त्या प्रत्येकाकडून एक संमतीपत्र घ्यावं लागतं. माझं बोलणं नाव न देता छापायला माझी हरकत नाही, असं. तो कागद नसेल तर छापखान्याचं दार उघडत नाही. आणि मॅडमच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण सगळं सतरा नंबरवर आहे. "हा सतरा म्हणजे कोण?" मी विचारलं. "ते आम्हाला कुठे माहीत असतं, काका! म्हणून तर नंबर. टेलिफोन खात्यातला होता कोणीतरी. तारा जोडायचा." साबणाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं. "बघतो," एवढं म्हणून मी फोन ठेवला.

चौतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात तारा जोडल्या. सतरा नंबर मी आहे हे कळायला मला डोकं खाजवावं लागलं नाही. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मी समजत होतो की मला तिने कधीच वगळून टाकलं. लग्न ठरलं त्या दिवशीच ती म्हणाली होती, "आता तुझी मुलाखत बाद. घरचा माणूस साक्षीदार म्हणून धरत नाहीत." मला बरं वाटलं होतं. नोकरी गेली तर दुःख होतं, पण साक्षीदाराची जागा गेली तर कोणाला होईल. आणि आता पाच महिन्यांनी कळतंय की मी तीस वर्षं तिच्या घरात नवरा म्हणून राहत होतो आणि कपाटात सतरा नंबर म्हणूनही. दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, एवढंच.

तिचं काम काय, हे मला लोकांना नीट सांगता यायचं नाही. तिची थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो, ती सांगायची, "आमची धाकटी मारामाऱ्यांचा अभ्यास करते आणि नवरा फोन दुरुस्त करतो. घरात भांडण झालं तर ती लिहून घेते आणि तो वायर काढतो." अक्काची जीभ अशीच. पण मारामाऱ्या हा तिचा विषय नव्हता. त्या सात वर्षांत, जेव्हा एका माणसाच्या शब्दावर सगळा देश उठायचा आणि बसायचा, तेव्हा माणसं नेमकी काय करत होती, हा तिचा विषय. त्यावर तिने आयुष्य घातलं. दुसऱ्या देशांतही असं झालं होतं, तिथेही गेली, तिथल्या लोकांशी बोलली, पण शेवटी परत इथेच यायची. विद्यापीठात तिला बढती मिळायला अकरा वर्षं उशीर झाला, कारण वरच्यांना वाटायचं हे आता कशाला उकरायचं. ती म्हणायची, "जुलूम हा फार मोठा शब्द आहे रे. व्यासपीठावर चांगला वाटतो. मला त्याचे सुटे भाग बघायचेत, तू यंत्र उघडून बघतोस तसे. हुकूम कोणी सोडला हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो पोचवला कोणी? टाइप कोणी केला? गाडी कोणी धुतली? पकडलेल्या माणसाचा चष्मा कोणी जपून ठेवला?" म्हणून ती मंत्र्यांकडे कधी गेली नाही. कारकून, ड्रायव्हर, तुरुंगातले आचारी, एक छायाचित्रकार, एक दाताचा डॉक्टर, यांच्या दारात जाऊन बसायची. काही जण पहिल्या वेळी हाकलून द्यायचे. ती दुसऱ्या वेळी जायची. चौथ्या वेळी ते पाणी द्यायचे आणि सातव्या वेळी रडायचे. मग ती घरी येऊन तासभर कोणाशी बोलायची नाही आणि एकदम विचारायची, "जेवलास का तू?"

हा विषय तिच्याकडे कसा आला, ते ती दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगायची. मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकलंय. ती एकवीस वर्षांची असताना तिच्या सरांना फोनवर म्हणाली होती, "उद्या सगळे येतील की नाही सांगता येत नाही, पण मी येईन." एवढंच वाक्य. तिसऱ्या दिवशी सरांना उचललं आणि तिला एका कचेरीत बोलावलं. एक दुपारभर बसवून ठेवलं. कोणी हात लावला नाही, आवाज चढवला नाही. एका नीटनेटक्या माणसाने एक कागद काढला आणि तिचं तेच वाक्य तिला वाचून दाखवलं. "स्वल्पविरामसुद्धा बरोबर दिला होता," ती मुलांना सांगायची, आणि मुलं हसायची. मग ती म्हणायची, "हसा. मीही नंतर हसले. पण त्या दुपारपासून मला एकच गोष्ट कळून घ्यायची आहे. माझं वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि त्या टेबलावर पोचलं, तर मध्ये किती हात होते?" मुलं लिहून घ्यायची. मी मागच्या बाकावर माझे हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

मी तिचं कपाट उघडलं. ते लोखंडी आहे, खात्याने टाकून दिलेलं मीच उचलून आणलं होतं आणि त्याला हिरवा रंग दिला होता. आत एक ते बेचाळीस जाड पाकिटं. खरी नावं कोणाची काय, त्याची एक यादी वेगळी होती. ती हॉस्पिटलमध्ये दाखल होण्याच्या आदल्या आठवड्यात तिने ती गॅलरीत पत्र्याच्या डब्यात जाळली. तिला काडी धरवत नव्हती, मी पेटवून दिली. जळताना मी नावं वाचली नाहीत. वाचली असती तर स्वतःचं सापडलं असतं. सवय अशी आहे की दुसऱ्याच्या कागदाकडे आपण बघायचं नाही. खात्यात हेच शिकवलं होतं, तारेत कोण बोलतंय ते ऐकायचं नाही, तार धड आहे की नाही तेवढं बघायचं. सतरा नंबरचं पाकीट बाकीच्यांपेक्षा जाड निघालं. मी ते जेवणाच्या टेबलावर आणलं, आणि का कोण जाणे, आधी टेबल पुसून घेतलं.

पहिलं पान मुलाखतीचं, टाइप केलेलं. तारीख आमच्या लग्नाच्या तेरा महिने आधीची. मला तो दिवस आठवतो. मी तेहतीस वर्षांचा, ती तीस. ती खात्याच्या इमारतीत परवानगीचं पत्र घेऊन आली होती आणि साहेबाने तिला माझ्याकडे ढकललं, कारण बाकीचे दोघे रजा टाकून पळाले. आम्ही कँटीनमागच्या खोलीत बसलो. तिचा टेपरेकॉर्डर नीट चालत नव्हता, मी तो उघडून साफ करून दिला, आणि मग त्याच्याच समोर बसून बोललो. पान वाचताना मला माझा तेव्हाचा आवाज ऐकू येत होता, जरा पातळ, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बाई" लावणारा. तारांची चौकट कशी असते ते मी सांगितलं होतं. छतापर्यंत लोखंडी मांडणी, शहरातल्या प्रत्येक फोनची तारेची जोडी तिथे येऊन अडकलेली. मग चिठ्ठ्यांचं सांगितलं होतं. आठवड्यातून दोनदा वरून चिठ्ठी यायची, त्यावर चार-पाच नंबर, खाली सही नाही. त्या नंबरच्या जोडीला आणखी एक जोडी लावायची आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीकडे सोडायची. खोलीत कोण बसतं ते आम्हाला माहीत नव्हतं. दुपारी चारच्या चहाला तिकडे सहा कप जायचे, म्हणजे सहा जण असावेत. "यात कौशल्य काय?" तिने विचारलेलं आहे. मी सांगितलंय, "सांधा नीट हवा, बाई. सांधा कच्चा राहिला की फोनमध्ये खरखर येते. खरखर आली की माणूस सावध होतो, फोनवर बोलायचं टाळतो. माझ्या सांध्याला कधी खरखर आली नाही." आणि मग तिचा प्रश्न, "मुद्दाम कच्चा ठेवावा असं कधी वाटलं नाही?" आणि माझं उत्तर, "मला भीती वाटायची. प्रत्येक सांध्याला ज्याने केला त्याची खूण असायची. मुकादम येऊन तपासायचा. कच्चा राहिला तर कोणी केला ते लगेच कळलं असतं."

यानंतर कंसात टाइप केलेलं आहे, टेप बंद. ते मला चांगलंच आठवतं. तिने बटण दाबलं, खोलीबाहेर गेली आणि स्वतः दोन कप चहा घेऊन आली. तोपर्यंत ती माझ्याकडे वहीच्या वरून बघत होती. चहा ठेवल्यावर सरळ बघितलं. म्हणाली, "नऊ जणांना मी हा प्रश्न विचारला. कोणी म्हणालं देशासाठी केलं, कोणी म्हणालं आम्हाला काय माहीत. भीती वाटत होती असं सरळ सांगणारे तुम्ही पहिले." मी चहा प्यायलो. माझ्यासारख्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती टेपरेकॉर्डर पुन्हा बिघडला म्हणून आली, आणि तो बिघडला नव्हता. वर्षभराने आम्ही नोंदणी कचेरीत सह्या केल्या. सही करायला सर आले होते. तुरुंगात तीन वर्षं काढून ते सुटले होते, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. माझा हात हातात घेऊन मोठ्याने म्हणाले, "टेलिफोनवाले काय? अहो, त्या काळात आमचा फोन इतका छान चालायचा! जरा खरखर नाही. बाहेर पडल्यापासून मात्र रोज बंद!" सगळे हसले. मीही हसलो. अक्का म्हणाली, "नवरदेव घामाघूम झालेत, कोणी पंखा लावा."

कारण सरांचा नंबर मला पाठ होता. सर कामगारांसाठी संध्याकाळचा फुकट वर्ग घ्यायचे आणि मी दीड वर्ष त्यात बसलो होतो, एवढ्या गर्दीत सरांच्या ते लक्षात राहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर स्वतःचा फोन नंबर लिहिला होता, अडलं तर फोन करा म्हणून. मी कधी केला नाही. एक दिवस तो नंबर चिठ्ठीवर आला, पाच नंबरांत तिसरा. मी आधी वरचे दोन जोडले. मग तिसरा जोडला.

हे मी तिला कधी सांगितलं नाही. त्या मुलाखतीत नाही आणि नंतरही नाही. ती एकवीस वर्षांची मुलगी जे बोलली ते माझ्या सांध्यातून वर गेलं, हे मला लग्नाच्या आधीच, तिने ते वाक्य पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच कळलं होतं. आम्ही बागेतल्या बाकावर होतो. मी तिला म्हणालो, "चल, पाऊस येईलसं वाटतं," आणि आभाळ स्वच्छ होतं. त्यानंतर तीस वर्षं ती मध्ये किती हात होते ते शोधत राहिली आणि मी तिला सकाळी चष्मा धुऊन देत राहिलो. लोकांना वाटेल हा माणूस रोज तळमळत असेल. नाही. माणूस कशालाही सरावतो. वर्षातून दोन-तीनदा, ती शिकवून दमून आली की, किंवा सरांची आठवण काढली की, ते वर यायचं आणि पुन्हा खाली बसायचं.

मुलाखतीच्या पानांमागे प्रकरणाचा खर्डा होता. मला तिचं लिहिणं पुरतं कळत नाही, पण हे कळलं. तिने त्यात मला फार चांगलं वागवलं होतं. हे सगळं यंत्र भीतीवर चालत होतं, असं तिचं म्हणणं, आणि त्याला दाखला सतरा नंबरचा. नीट झालेला प्रत्येक सांधा हा भीतीने केलेला सांधा होता, असं एक वाक्य होतं. मी वाचत गेलो आणि एखादं लहान मूल झोपलंय आणि त्याच्यावर कोणी पांघरूण घालतंय तसं मला वाटलं. मग मागचं पान उलटलं. समासात पेन्सिलने, तिच्या बारीक अक्षरात, अकरा वर्षांपूर्वीची तारीख आणि खाली, "चिठ्ठीच्या कामाची नोंद नसायची ना? मग खूण कशी? तपासणार कोण?" त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीची तारीख. "१७ इथे थांबतो. विचारायचं नाही. तो मला नाही म्हणू शकत नाही." आणि सगळ्यात खाली, अक्षर हललेलं, गेल्या वर्षीचं असणार, "१७ : मी असेपर्यंत नाही."

मी खुर्चीवर बसून राहिलो. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कोणीतरी ओरडून त्याला सांगत होता, येऊ दे, येऊ दे, बस. तो मला नाही म्हणू शकत नाही. हा तिचा नियम होता, मला माहीत होता. ती स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घ्यायची नाही, विभागातल्या झाडूवालीची घेतली नाही, जरी ती बाई त्या काळात तुरुंगात झाडू मारायची आणि बोलायला तयार होती. तळटीप तेव्हा तिच्याशी भांडली होती, इथेच, या टेबलावर. "ती हो म्हणतेय ना मॅडम!" आणि ही म्हणाली, "ती मला रोज नमस्कार करते. जो आपल्याला नाही म्हणू शकत नाही, त्याचं हो धरायचं नाही. नाहीतर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?" मी मध्ये वाडग्यातून कोशिंबीर वाढत होतो. तेव्हा मला वाटलं नाही की हे माझ्याबद्दल आहे. पण खरंच मी तिला कधी नाही म्हटलं? पडदे निळे हवेत, हो. घर बदलू, हो. कुत्रा नको, बरं नको. परदेशात सहा महिने जाते, जा. ती चिडायची, "अरे, तुझं स्वतःचं काही मत आहे का?" आणि मी म्हणायचो, "आहे ना. तुझं बरोबर आहे हे." ती हसायची, पण एकदा हसली नाही. म्हणाली, "लाइनमन, तू फार सोपा माणूस आहेस. मला त्याची कधीकधी भीती वाटते." मी ते प्रेमाने घेतलं होतं.

म्हणजे माझं भीतीचं कारण खोटं होतं, हे तिला कळलं होतं. अकरा वर्षं कळलं होतं. गुप्त कामाची नोंद ठेवत नाहीत, नोंद नाही तर खूण नाही, खूण नाही तर मुकादम तपासणार कशाला. एवढं साधं आहे, आणि तिला ते कळायला एकोणीस वर्षं लागली, कारण तिने ते वाक्य चहाबरोबर घेतलं होतं. कळल्यावर तिने प्रकरण बाजूला ठेवलं आणि दुसरी दोन पुस्तकं लिहिली. मला एका शब्दाने विचारलं नाही. त्या अकरा वर्षांत आम्ही समुद्र बघायला गेलो, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तिने मला नवे बूट आणले आणि ते एक नंबर मोठे निघाले. यातल्या कोणत्या दिवशी ती माझ्याकडे बायको म्हणून बघत होती आणि कोणत्या दिवशी अभ्यासक म्हणून, हे मला आता शोधून सापडणार नाही. मी सगळे दिवस एकेक करून काढून बघितले. सगळ्यांत ती मला सारखीच दिसली. शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये ती माझा हात धरून बोटं एकेक करून दाबायची, मोजल्यासारखी. मला वाटायचं तिला वेदना होतायत.

चार दिवसांनी मी विद्यापीठात गेलो. विभागप्रमुखांनी बोलावलं होतं. माणूस चांगला, गुबगुबीत, तिच्या आजारपणात दोनदा फळं घेऊन आलेला. तळटीप बाजूच्या खुर्चीवर फाइल मांडीवर घेऊन बसली होती. प्रमुखांनी माझ्यासमोर एक टाइप केलेला कागद सरकवला. "तुम्ही उगाच शोधाशोध करू नका. आम्ही वकिलांना विचारलं. मॅडमच्या सगळ्या कागदपत्रांचे वारस तुम्ही. वारस म्हणून इथे सही केलीत की काम झालं. प्रकरण छापायला मोकळं."

"आणि सतरा नंबर?" मी विचारलं.

"त्याचं काय?"

"त्याला नको विचारायला?"

प्रमुख हसले. "अहो, त्याला कुठे शोधणार? यादी जाळलीय मॅडमनी. आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा लाइनमन. गेलाही असेल बिचारा."

"नाही," मी म्हणालो. "आहे."

तळटीप फाइलमधून वर बघायला लागली. तिला माझी नोकरी माहीत होती, घरातले सगळे बल्ब-पंखे मी तिच्यादेखत दुरुस्त केले होते, तिच्या आईचा फोनसुद्धा. पण माणूस ज्याच्या हातचा चहा पितो त्याचा असा विचार करत नाही. आता तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना मला दिसली. प्रमुखांनाही कळलं, जरा उशिरा, आणि ते खुर्चीत मागे सरले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा. मग तर सोपंच झालं. तुम्हीच ते, तुम्हीच वारस. कशाला गुंतागुंत करायची? वारस म्हणून सही करा. सतरा कोण ते या खोलीबाहेर जाणार नाही." त्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्याकडे धरलं. निब माझ्याकडे नव्हती, स्वतःकडे होती, इतके सभ्य. मी पेन घेतलं. कागदावर जागा दाखवणारी फुली होती. वरून आलेला कागद, त्यावर आपण नीट काम करायचं. हात निघालासुद्धा. आणि मला एकदम जाणवलं की या खोलीत असं कोणी नाही ज्याला मी नाही म्हणू शकत नाही. असं माणूस होतं ते गेलं. तिने ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, की स्वतःच्या कामासाठी, देव जाणे. पण राखून ठेवलं होतं.

"नाही करत," मी म्हणालो. माझा आवाज मला मोठा वाटला. "वारस म्हणून नाही. सतराचा कागद सतरा भरेल. पण त्याची मुलाखत अर्धी राहिलीय. आधी ती पुरी करा."

"आत्ता?" प्रमुख म्हणाले.

"मला दुपारी दुसरं काही काम नसतं," मी म्हणालो.

तळटीपने मला तिच्या खोलीत नेलं. खोली लहान, खिडकीला लागून पुस्तकांचे ढीग, भिंतीवर पोरांनी काढलेलं एक चित्र. तिने रेकॉर्डर काढला, आताचे काडेपेटीएवढे असतात. "काका, तुम्हाला खात्री आहे ना? मी मॅडमची मुलगीच समजा. माझ्यासमोर..." मी म्हणालो, "काका नको आता. बटण दाब." तिने दाबलं, आणि मग नाक पुसून, जसं शिकवलं होतं तसं, तारीख सांगितली, सतरा म्हटलं, आणि विचारलं की त्या काळात तुम्ही काय काम करत होता. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. चौकट, चिठ्ठी, तिसरा मजला. संध्याकाळचा वर्ग आणि फळ्यावरचा नंबर. पाच नंबरांतला तिसरा. ती एकदा थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मॅडमचं ते वाक्य..." मी म्हणालो, "हो. माझ्या सांध्यातून." रेकॉर्डरचा लाल ठिपका चालू होता. खाली आवारात मुलं कशावरून तरी जोरात हसली. मग तिने विचारलं, "खुणेचं आणि मुकादमाचं?" मी सांगितलं, खूण नव्हती. चिठ्ठीचं काम कुठेच लिहून ठेवत नसत. मुकादमाला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीची किल्लीसुद्धा नव्हती. सांधा कच्चा ठेवला असता तर वर वाटलं असतं तार जुनी झाली. कोणाला कधी कळलं नसतं.

तिने वहीत बघितलं. मग शेवटी विचारायचा असतो तो प्रश्न तिने विचारला, तो सगळ्यांना विचारतात. "तुम्ही जे सांगितलंत त्यातलं काही काढून टाकायचंय?"

"आजचं काही नाही," मी म्हणालो. "जुन्यातलं एक वाक्य काढ. मला भीती वाटायची, ते."

"काका," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःला सावरलं. "पण मॅडमचं अख्खं प्रकरण त्या वाक्यावर उभं आहे."

"माहीत आहे. आमचं लग्नही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही बटण बंद करेल आणि चहा आणायला उठेल. ती उठली नाही. तिने वही मिटली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि अगदी हळू विचारलं, "भीती नाही, तर मग काय वाटायचं?"

"बरं वाटायचं," मी म्हणालो. "काम चांगलं झालं की वाटतं तसं."